लुका गेला तेव्हा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. वसंत पंचमीचा मुहूर्त, त्यामुळे रेसकोर्स रोडवर सकाळपासून लग्नाच्या सजवलेल्या गाड्या धावत होत्या. आम्ही बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळून नेहमीसारखे पोह्यांच्या गाडीशी उभे होतो. पोह्यांवर शेव, कांदा आणि जिरावन पडलेलं, जिलबीचा कागद हाताला अजून गरम लागत होता. पावणेअकराच्या सुमारास मित्राने फोन काढला. त्याने एकदा वाचलं, परत वाचलं आणि काही न बोलता फोन माझ्यासमोर धरला.

लुका डॉन्चिच लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, आमच्या डॅलसने आपला सगळ्यात मोठा खेळाडू लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन टाकला होता.

मी म्हटलं, अकाउंट हॅक झालंय. बातमी शॅम्स शरानिया या एनबीएच्या पत्रकाराची होती आणि त्याची बातमी सहसा चुकत नाही, तरी मी तेच म्हटलं. नंतर कळलं की अमेरिकेतही हजारो लोक त्याच क्षणी हेच म्हणत होते, आणि शेवटी बातमी खरी असल्याचं त्याला वेगळं लिहून सांगावं लागलं. आम्ही तिथेच उभे राहून एकेक बातमी उघडत होतो. पोहे गार झाले. गाडीवाल्याने माझी प्लेट बघितली, मग चेहरा बघितला आणि विचारलं, "क्यों भिया, तबीयत तो ठीक है?"

त्याला काय सांगणार?

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरातला मुलगा डॅलसच्या टीमचा कसा झाला, हे लोक मला नेहमी विचारतात. कारण साधं आहे. २०१५ साली मी कॉलेजात होतो. त्या वर्षी पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसने ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, निवडलं, ५२व्या क्रमांकावर. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. सतनाम एनबीएची एकही मॅच खेळला नाही, पण मी तोवर डॅलसचा झालो होतो. डर्क नोविट्स्की तेव्हा खेळत होता. २१ मोसम एकाच टीमकडून खेळलेला, २०११चं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. मोठा खेळाडू टीममध्ये येतो आणि तिथेच म्हातारा होतो, हे मी डर्ककडे बघून गृहीत धरलं.

२०१८ला लुका आला. अटलांटाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच रात्री ट्रे यंग आणि पुढच्या ड्राफ्टमधली एक निवड घेऊन डॅलसला देऊन टाकलं. तेव्हा आम्ही घेणाऱ्या बाजूला होतो. अटलांटाच्या लोकांना काय वाटलं असेल, याचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. तो विचार सात वर्षांनी आला.

लुका आला तेव्हा माझ्या ताईचा मुलगा पाच वर्षांचा होता. डॅलसच्या घरच्या मॅचेस हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सातला लागतात. ताईचं घर सुदामा नगरात, मी ऑफिसच्या आधी तिकडे जायचो आणि त्याचं शाळेचं आवरता आवरता आम्ही दोघं मॅच बघायचो. बुटांच्या लेस मी बांधायचो, डबा ताई भरायची, स्कोअर तो सांगायचा. असं सहा वर्षं चाललं. डॅलसच्या निळ्या जर्सीवर ७७ आम्ही इथल्याच दुकानात छापून घेतला होता. पहिल्याच धुण्यात दुसऱ्या साताची शेपटी तडकली. ताईने तो भाग इस्त्रीने कापडाखालून परत चिकटवला आणि तेव्हापासून ती जर्सी वॉशिंग मशीनमध्ये गेली नाही, हातानेच धुतली जायची.

लुकाचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एकच चाल सांगतो. तो फार वेगाने पळत नाही, फार उंच उडीही मारत नाही. तो समोरच्याला मागे हटायला लावतो. टप्पे देत आत शिरल्यासारखं करतो, खांदा पुढे टाकतो, समोरच्याचं वजन टाचेवर गेलं की त्याच क्षणी स्वतः थांबतो आणि एक मोठं पाऊल मागे घेतो. आता दोघांमध्ये हातभर मोकळी जागा असते, आणि तेवढी त्याला पुरते. मे २०२४मध्ये मिनेसोटाविरुद्ध डॅलस दोन गुणांनी मागे होतं. समोर रूडी गोबेर, सात फुटांहून उंच, त्या मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू. लुकाने हेच केलं. तीन सेकंद उरले असताना थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा बास्केट, पडला आणि आम्ही १०९-१०८ जिंकलो. इथे शनिवारची सकाळ होती. भाचा पलंगावरून उडी मारून सरळ गॅलरीत पळाला आणि खाली दूधवाल्याला ओरडून सांगितलं. दूधवाल्यानेही हात वर केला.

त्यानंतर आठ महिन्यांनी हे.

पोह्यांच्या गाडीवरून मी तडक सुदामा नगरला गेलो. दुसऱ्या कोणाकडून त्याला हे कळू नये असं वाटत होतं. पण मी पोहोचेपर्यंत त्याला कळलं होतं. गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. वय बारा. रडून झालेलं असावं, डोळे लाल होते पण आवाज साफ.

"मामा, त्याने मागितलं होतं का?"

"नाही रे."

"मग त्याला विचारलं असेल ना?"

"नाही. त्यालाही सगळं ठरल्यावरच कळलं."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे झोपायला गेला तेव्हा आपला होता."

पुढचे कित्येक दिवस मला हेच वाक्य छळत होतं. टीम सोडून जाणारे खेळाडू आम्ही पाहिले नव्हते असं नाही. २०१०ला लेब्रॉनने क्लीव्हलंड सोडलं, २०१६ला ड्युरंटने ओक्लाहोमा सोडलं. तिथल्या लोकांनी त्यांच्या जर्सी जाळल्या. मला ते कधी आवडलं नाही, पण आता वाटतं, त्यांच्याकडे निदान राग धरायला माणूस होता. आमचा माणूस तर स्वतःच धक्क्यात होता. वय पंचवीस, आठ महिन्यांपूर्वी टीमला फायनलपर्यंत नेलेलं. त्याच्यावर कसला राग धरायचा?

जनरल मॅनेजर निको हॅरिसनने कारण दिलं की विजेतेपद बचावाने मिळतं. मग कुठून कुठून बातम्या यायला लागल्या, लुकाचं वजन, त्याची तब्येत, त्याची शिस्त. नाताळच्या दिवशी पोटरी दुखावल्यापासून तो खेळलाच नव्हता, म्हणून तेही त्याच्याच खात्यावर. हे सगळं मला ट्रेडपेक्षाही, म्हणजे त्या अदलाबदलीपेक्षाही, जास्त लागलं. घरातून एखाद्याला निरोप द्यायचा तर तो दारात असेपर्यंत त्याच्याबद्दल वावगं बोलत नाहीत, ही आपल्याकडची रीत. गाडी सुटायच्या आधीच त्याची उणीदुणी काढणं मला सहन होत नव्हतं. ज्याच्यासाठी आम्ही सहा वर्षं पहाटेपासून जागलो तो माणूस मुळात तेवढ्या किमतीचा नव्हताच, असं कोणीतरी आम्हाला समजावत होतं.

मी मॅच बघणं बंद केलं. दहा-बारा दिवस सकाळी सातला जाग यायची आणि मी छताकडे बघत पडून राहायचो. भाच्याला फोन करायचो नाही, तोही करायचा नाही.

डॅलसमध्ये लोक स्टेडियमबाहेर जमले होते. डर्कच्या पुतळ्यापाशी फुलं ठेवली होती, कोणी तर चक्क शवपेटी आणली होती. तो व्हिडिओ मी घरी बघत होतो तेव्हा बाबा मागून आले.

"कोण गेलं रे?"

मी सांगितलं. बाबांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "अण्णांचं असंच झालं होतं. फक्त उलटं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. होळकरांच्या क्रिकेट टीमबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय, इंदूरच्या कुठल्या मराठी घरात ते ऐकलं जात नाही? सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर, हिरालाल गायकवाड. चार वेळा रणजी करंडक जिंकलेली टीम. १९४४-४५च्या फायनलला तर डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. युद्धामुळे त्याची नेमणूक महूला होती. मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केले, तरी आपण हरलो. युद्ध संपलं आणि कॉम्प्टन मायदेशी गेला. अण्णा म्हणायचे, पाहुणा होता, जाणारच होता.

पण बाबा जे सांगत होते ते कॉम्प्टनचं नव्हतं. १९५४-५५च्या मोसमानंतर होळकर ही टीमच राहिली नाही. संस्थानं गेली होती, त्यांच्या टीम्सही गेल्या. पुढच्या वर्षी मध्य भारत नावाची टीम उतरली. खेळाडू मात्र इंदुरातच होते. नायडू इथेच राहिले, इथेच गेले. मुश्ताक अली तर २००५पर्यंत होते. अण्णांना ते रस्त्यात दिसले की अण्णा सायकलवरून उतरून नमस्कार करायचे, मग घरी येऊन आजीला सांगायचे.

"खेळाडू समोर आहेत आणि टीम नाही," बाबा म्हणाले. "अण्णा नंतर मध्य प्रदेशच्या मॅचला जायचे हो. पण संध्याकाळी रेडिओ लावताना विचारायचे, होळकरांचं काय झालं? शेवटपर्यंत."

मी म्हटलं, "मग माझ्याकडे टीम आहे आणि खेळाडू नाही."

"तेच तर," बाबा म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

हे ऐकून मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी कोर्टवर गेलो. आमच्याकडे एक वयस्क सर आहेत, पन्नास वर्षं मुलांना शिकवतायत. त्यांच्यापाशी मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी आधी मला ट्रेडचं शास्त्र सांगितलं. खेळाडूचा करार टीमच्या मालकीचा असतो. टीमने तो दुसऱ्या टीमला दिला की खेळाडूला सामान बांधावं लागतं. नकाराचा अधिकार करारात लिहून घेतलेले खेळाडू अख्ख्या लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय लुका डॅलसमध्ये राहिला असता तर उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा, जवळपास ३४.५ कोटी डॉलरचा करार मिळू शकला असता. टीम बदलली आणि तो हक्कच गेला. ऑगस्टमध्ये लेकर्सने त्याच्याशी तीन वर्षांचा १६.५ कोटींचा करार केला तेव्हा मला सरांचं हे बोलणं आठवलं.

मग सर म्हणाले, "आणि डेव्हिसला कोणी विचारलं होतं?"

मी गप्प झालो. खरंच, त्याचा मी एकदाही विचार केला नव्हता. तोही त्याच रात्री उठून परक्या गावी आला होता. ८ फेब्रुवारीला डॅलसकडून पहिली मॅच खेळला, २६ गुण आणि १६ रिबाउंड काढले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये दुखावून बाहेर गेला. त्या स्टेडियममध्ये लोक त्याच्यासाठी आले नव्हते, हे त्याला दिसत असणारच. मॅक्स क्रिस्टी त्याच्याबरोबर आलेला, एकवीस वर्षांचा पोरगा. मी त्या संध्याकाळी त्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं आणि पूर्ण बघितलं.

मार्चच्या सुरुवातीला डॅलसच्या कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. तोपर्यंत इतके जण जायबंदी होते की मॅचला माणसं उभी करायची पंचाईत. आता मात्र मला ती टीम सोडवेना. आपल्या घरी आजारपण आलं असताना आपण तोंड फिरवून बसलोय, असं काहीसं वाटायला लागलं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून परतताना, अंगावर रंग तसाच असताना मी भाच्याला विचारलं, "उद्या सकाळी येऊ का?"

"ये ना," तो म्हणाला. "मी रोज बघतोय."

तो रोज बघत होता. डॅलसही आणि लेकर्सही. मला सांगितलं नव्हतं, कारण मला वाईट वाटेल असं त्याला वाटत होतं. बारा वर्षांच्या मुलाने माझी एवढी काळजी घेतली आणि मी त्याला महिनाभर साधा फोनही केला नव्हता. ते मला आजही लागतं.

लुका परत डॅलसला खेळायला आला ती तारीख तिकडची ९ एप्रिल. इथे गुरुवारची पहाट. मी आदल्या रात्रीच ताईकडे मुक्कामाला गेलो. अंधारात टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक. प्रत्येक खुर्चीवर एक टीशर्ट ठेवला होता आणि त्यावर स्लोव्हेनियन भाषेत लिहिलं होतं, "ह्वाला झा व्से", सगळ्यासाठी धन्यवाद. भाच्याने ते शब्द चार वेळा म्हणून पाठ केले. मॅचआधी मोठ्या पडद्यावर त्याच्या डॅलसमधल्या वर्षांचा व्हिडिओ लावला. लुका बाकावर बसून वर बघत होता. आधी ओठ आवळले, मग डोळे भरले, मग टॉवेलने तोंड पुसलं, तरी थांबेना. त्या निळ्या गर्दीसमोर पिवळ्याजांभळ्या जर्सीत बसून रडणारा तो सहा फूट आठ इंचांचा माणूस मी विसरू शकत नाही. भाच्याने माझ्या मनगटाला घट्ट धरलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

"मामा, आज आपण कोणाकडून?"

मला उत्तर आलं नाही. मग मॅच सुरू झाली आणि उत्तराची गरजच पडली नाही. लुकाचा थ्री पडला, आम्ही टाळ्या वाजवल्या. डॅलसचा पडला, आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई चहा घेऊन आली तेव्हा उजाडलं होतं. स्कोअर बघून म्हणाली, "अरे, तुमची टीम हरतेय ना?" भाचा म्हणाला, "हो आई, पण लुका बघ ना." लुकाने ४५ गुण केले. लेकर्स ११२-९७ जिंकले. तो शेवटी बाहेर जायला लागला तेव्हा डॅलसचं सगळं स्टेडियम उभं होतं. आम्ही दोघंही उभे राहिलो.

त्या दिवशी ऑफिसला जाताना कितीतरी दिवसांनी छाती मोकळी वाटली. नीट निरोप झाला होता. त्या व्हिडिओत त्याला कोणी लहान केलं नाही. कसलं वजन, कसला बचाव, काही नाही. फक्त त्याने काय दिलं ते दाखवलं.

पुढचं झरझर घडलं. मोसम संपला. मेमध्ये, ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसला पहिली निवड मिळाली, तिची शक्यता होती अवघी १.८ टक्के. जूनमध्ये त्या निवडीवर कूपर फ्लॅग आला, अठरा वर्षांचा. ११ नोव्हेंबरला हॅरिसनला काढलं. स्टेडियममध्ये लोक कित्येक महिने तेच मागत घोषणा देत होते. बातमी वाचून आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. माणूस गेल्याने माणूस परत येत नाही. मी फोन खिशात टाकला आणि कामाला लागलो.

जूनमध्ये भाच्याने लेकर्सची जर्सी मागितली होती. मी टाळत राहिलो. आधी म्हटलं शाळा सुरू होऊ दे, मग म्हटलं गणपती होऊ देत. एकदा तो म्हणाला, "मामा, नंबर तोच आहे." मला राग आला होता आणि तो दिसलाही असणार, कारण त्याने परत विचारलं नाही. शेवटी दिवाळीत मीच घेऊन गेलो. पिवळी, ७७. त्याने घातली, आरशात बघितली. मग आत जाऊन कपाटातली निळी काढली. ती आता त्याला खांद्यात बसत नव्हती आणि चिकटवलेला सात परत सुटला होता. ताई म्हणाली, पुसायला घेऊ का रे ही? तो काही बोलला नाही, फक्त घडी घालून परत ठेवली, आकडा आतल्या बाजूला जाईल अशी. तेच बरं, म्हणजे घासून अजून उखडत नाही.

परवा रात्री त्याचा मेसेज आला. आता स्वतःचा फोन आहे, दुसऱ्या दिवशीच्या मॅचेसच्या वेळा तो आदल्या रात्रीच पाठवतो. मी अलार्म लावायच्या तयारीतच होतो.

"मामा, सातला आपली, नऊला लुकाची. डबल पोहे आण."